सैतान कुठेच नव्हता

२६ फेब्रुवारी २०२१ ला 'वांडाव्हिजन' या मालिकेचा आठवा भाग आला. नववा आणि शेवटचा भाग ५ मार्चला येणार होता. मधल्या आठवड्यात चाहत्यांच्या अंदाजांना नुसता ऊत आला होता. कुणाच्या मते शेजारीण अ‍ॅग्नेसचा पाळीव ससा हाच मेफिस्टो, म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक्समधला सैतान. कुणी म्हणत होतं, डॉक्टर स्ट्रेंज ऐनवेळी येऊन सगळं सावरून घेणार. मालिकेतली सरकारी अधिकारी मोनिका रॅम्बो हिने ज्या एरोस्पेस इंजिनियरचा उल्लेख केला तो 'फॅन्टास्टिक फोर'मधला रीड रिचर्ड्सच, याबद्दल तर अनेकांना खात्रीच होती. यातलं काहीही घडलं नाही. शेवट पाहून पुष्कळांचा हिरमोड झाला, काहींनी फसवणुकीचा आरोप केला, आणि त्यावर 'चाहत्यांनीच हवेत इमले बांधले, त्याला मालिका काय करणार' असं उत्तर आलं. वाद तिथेच विरला, पण तो तिथे सोडण्यासारखा नाही. हे अंदाज एकेक करून तपासले तर ते दिसतात तितके विखुरलेले नाहीत. वरवर पाहता ती 'कोण येणार?' या प्रश्नाची उत्तरं होती. आतून मात्र बहुतेकांची धडपड एकच होती: वांडाला निर्दोष ठरवायचं.

मालिकेची मांडणी थोडक्यात अशी. वांडा मॅक्सिमॉफ ही जादूई शक्ती असलेली तरुणी, व्हिजन हा तिचा यांत्रिक देहाचा प्रियकर. २०१८ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मध्ये व्हिजन दोनदा मरतो. आधी जगाला वाचवण्यासाठी वांडाच स्वतःच्या हातांनी त्याला संपवते. मग खलनायक थॅनॉस काळ उलटा फिरवून त्याला जिवंत करतो आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा मारतो. 'वांडाव्हिजन'मध्ये हेच दोघे न्यू जर्सीतल्या वेस्टव्ह्यू नावाच्या गावात सुखाने नांदताना दिसतात, आणि तेही पन्नाशीच्या दशकातल्या कृष्णधवल अमेरिकन विनोदी मालिकेत. पुढच्या भागांत दशकं बदलतात, रंग येतात, जुळी मुलं जन्मतात. प्रमुख लेखिका जॅक शेफर आणि दिग्दर्शक मॅट शॅकमन यांनी जुन्या मालिकांचा बाज इतका मन लावून उभा केला की पहिल्या भागाचं चित्रीकरण खरोखर स्टुडिओत प्रेक्षक बसवून झालं. त्याआधी शॅकमन आणि मार्व्हलचे केविन फायगी यांनी डिक व्हॅन डाइक यांना भेटून त्या काळच्या मालिका कशा बनत याची माहिती घेतली होती.

प्रसिद्धीची वेळ आणि पद्धतही महत्त्वाची आहे. जुलै २०१९ नंतर दीड वर्ष मार्व्हल स्टुडिओचा एकही चित्रपट आला नव्हता. महासाथीने सगळं पुढे ढकललं होतं. डिस्ने प्लससाठी स्टुडिओने केलेली ही पहिलीच मालिका, आणि तीही एका झटक्यात न टाकता पहिले दोन भाग एकत्र आणि मग दर शुक्रवारी एक भाग अशी दिली गेली. (भारतात डिस्ने प्लस हॉटस्टारवर तो शुक्रवारी दुपारी दीडला यायचा.) दोन भागांमध्ये सात दिवसांची मोकळीक आणि समोर भुकेलेला प्रेक्षक, म्हणजे तर्कांना रान मोकळं. पण तर्क लढवले जाणार हे यावरून कळतं, ते नेमके सैतानाकडेच का वळले हे कळत नाही.

मेफिस्टोची थिअरी पोकळ नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. तिच्या बाजूचा पुरावा भक्कम होता. १९८५-८६ च्या बारा अंकी कॉमिकमध्ये वांडा आणि व्हिजनला जादूने जुळी मुलं होतात. १९८९ मध्ये जॉन बर्न यांनी लिहिलेल्या कथेत उलगडतं की ही मुलं म्हणजे मेफिस्टोच्या आत्म्याचे तुकडे होते. ते तुकडे परत जातात, मुलं नाहीशी होतात, आणि वांडाला दुःख सोसवणार नाही म्हणून चेटकीण अ‍ॅगाथा हार्कनेस तिच्या मनातून मुलांची आठवणच पुसून टाकते. ज्याला हे ठाऊक होतं त्याला मालिकेत जुळी मुलं दिसताच सैतानाची चाहूल लागणं साहजिक होतं. त्यात दुसऱ्या भागात सैतानावरून एक सूचक कोटी होते, गावकरी 'मुलांसाठी' हे पालुपद एकसुरात म्हणतात, सशाचं नाव सेन्योर स्क्रॅची ठेवलेलं असतं आणि कॉमिक्समध्ये अ‍ॅगाथाच्या मुलाचं नाव निकोलस स्क्रॅच असतं. अ‍ॅग्नेस म्हणजेच अ‍ॅगाथा हार्कनेस, हा चाहत्यांचा पहिल्या आठवड्यातला अंदाज तर तंतोतंत खरा ठरला. जो वाचक इतका बारकाईने वाचतो त्याला भाबडा म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न निरीक्षणाचा नव्हता, ते कोणत्या दिशेने वळवलं गेलं याचा होता. कारण मालिकेने आपलं उत्तर चौथ्याच भागात, २९ जानेवारीला, सांगून टाकलं होतं. वेस्टव्ह्यूभोवतीच्या अदृश्य भिंतीबाहेर फेकली गेलेली मोनिका शुद्धीवर येते आणि सांगते की हे सगळं वांडाच करते आहे. हे ती आत राहून आलेली व्यक्ती म्हणून सांगते, त्यात आडपडदा नाही. नऊपैकी चौथ्या भागात गुन्हेगाराचं नाव समोर ठेवलेलं असताना पुढचे पाच आठवडे प्रेक्षक दुसरा गुन्हेगार शोधत राहिले.

आणि चौथ्या भागाआधीही दाखवायचं ते दाखवून झालं होतं. पहिल्या भागात व्हिजनचे साहेब मिस्टर हार्ट बायकोसह जेवायला येतात. ही मंडळी कुठून आली, लग्न कधी केलं, असे साधे प्रश्न ते विचारतात आणि वांडा-व्हिजनला उत्तर देता येत नाही. हार्ट चिडून प्रश्न लावून धरतात तोच त्यांच्या घशात घास अडकतो. ते जमिनीवर कोसळून तडफडत असतात आणि मिसेस हार्ट हसऱ्या चेहऱ्याने, एकाच सुरात, 'थांबव' म्हणत राहतात. सुरुवातीला ते नवऱ्याला उद्देशून आहे असं वाटतं. मग तीच विनवणी वांडाकडे वळते, तरी ओठांवरचं हसू हलत नाही. वांडा व्हिजनला मदत करायला सांगते तेव्हाच मिस्टर हार्ट श्वास घेऊ शकतात. सहाव्या भागात गावाच्या कडेला एक बाई हॅलोवीनची सजावट टांगते आहे. हात तीच एक हालचाल पुन्हा पुन्हा करतो आहे आणि गालावरून एक अश्रू ओघळतो. पाचव्या भागात व्हिजन आपल्या कचेरीतल्या नॉर्मला क्षणभर भानावर आणतो. नॉर्मचं खरं नाव अभिलाष टंडन. भानावर येताच त्याला आठवतात ते घरचे, आजारी वडील आणि बहीण. आणि ती आपल्या डोक्यात शिरली आहे, तिला थांबव, अशी तो गयावया करतो. मालिकेत मध्येच येणाऱ्या खोट्या जाहिरातीतल्या घड्याळावरचं नाव टिपणाऱ्या नजरांना हे दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण तो पुरावा वांडाविरुद्ध धरायचा नाही असं जणू आधीच ठरलं होतं. गावकऱ्यांचे हाल कुणा तिसऱ्याने चालवले असले पाहिजेत, वांडा त्या तिसऱ्याची बाहुली असली पाहिजे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. सुपरहिरो कथेत मोठा खलनायक लागतोच. त्याची वाट पाहणं ही निव्वळ सवय आहे, त्यात वांडाच्या निर्दोषत्वाचा काय संबंध? संबंध नसता तर मालिकेने दिलेल्या खलनायकांवर चाहत्यांची भूक भागली असती. हेवर्ड हा सरकारी अधिकारी चौथ्या भागापासून समोर होता. सातव्या भागात अ‍ॅगाथा उघड झाली. तरीही शोध थांबला नाही, उलट अ‍ॅगाथाच्या मागे कोण, हा प्रश्न सुरू झाला. प्रत्येक खलनायक अपुरा ठरत होता, कारण एकानेही वांडाचं कृत्य स्वतःच्या डोक्यावर घेतलं नव्हतं. हेवर्ड कितीही दुष्ट असला तरी वेस्टव्ह्यू त्याने बांधलं नव्हतं.

सातव्या भागाची रचना म्हणूनच मला सर्वांत धाडसी वाटते. अ‍ॅगाथा आपलं खरं रूप दाखवते आणि लागलीच एक ठसकेबाज गाणं सुरू होतं, ज्यात आतापर्यंतच्या प्रत्येक विचित्र घटनेमागे तीच होती असं एकेक दृश्य दाखवून सांगितलं जातं. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ यांच्या या गाण्याला पुढे एमी पुरस्कारही मिळाला. चौथ्या भागात मोनिका म्हणाली होती की सगळं वांडाचं आहे. हे गाणं म्हणतं की सगळं अ‍ॅगाथाचं आहे. म्हणजे ज्या निर्दोषत्वाची प्रेक्षक वाट पाहत होते ते मालिका इथे चाल लावून त्यांच्या हाती देते. आठवडाभर जगाने ते आनंदाने गुणगुणलं. मग आठवा भाग ते काढून घेतो. अ‍ॅगाथा वांडाला तळघरात पकडते आणि विचारते की हे तू केलंस कसं? म्हणजे गाव तिने बांधलं नाहीच. एवढी अफाट जादू एका बाईला कशी जमली याचं तिलाच कोडं पडलंय. तिच्यासारख्या मुरलेल्या चेटकिणीलाही उत्तर शोधायला वांडाच्या आयुष्यातले प्रसंग एकामागून एक पाहावे लागतात: युद्धात आईवडिलांचा मृत्यू, हायड्रा या दुष्ट संघटनेची प्रयोगशाळा, भावाच्या मृत्यूनंतर व्हिजनने दिलेली सोबत. शेवटी एक मोकळा भूखंड येतो. व्हिजनने दोघांसाठी घेतलेली ती जागा. कागदावर लाल रंगात काढलेलं बदामाचं चिन्ह, जमिनीवर अर्धवट उभारलेला पाया. वांडा तिथे गुडघ्यांवर कोसळते आणि तिच्या दुःखातून गाव उभं राहतं. तिथे सैतान नव्हता. कुणी तिच्या कानात काही सांगितलं नव्हतं. हा भाग पाहूनही सात दिवस मेफिस्टोची वाट पाहिली गेली, यावरून निर्दोषत्वाची ओढ किती खोल होती ते दिसतं.

ही ओढ चाहत्यांनी शोधून काढलेली नाही, ती कॉमिक्सकडून वारशाने आलेली आहे. १९८९ मध्ये मुलं सैतानाची ठरवून वांडाचं मातृत्वच खोटं ठरवलं गेलं. २००५ च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये ती शोकाच्या भरात साऱ्या जगाचं वास्तव बदलून टाकते. पण २०१० मध्ये सुरू झालेल्या 'द चिल्ड्रन्स क्रुसेड'मध्ये खलनायक डॉक्टर डूम तिच्या कृत्यांची जबाबदारी स्वतःवर घेतो. म्हणजे तिने काही भयंकर केलं की काही वर्षांनी कुणीतरी बलाढ्य पुरुष पुढे येऊन ते खरं माझं होतं म्हणतो. यात दया आहे असं वाटतं, पण तिच्याकडून बरंच काही हिरावूनही घेतलं जातं. गुन्हा तिचा नाही म्हटलं की दुःखही पुरतं तिचं राहत नाही, शक्तीही राहत नाही. शोकाने माणूस इतका आंधळा होऊ शकतो की दुसऱ्यांच्या जिवावर स्वतःचं सुख बेतून घेतो, ही गोष्ट सांगायची असेल तर ते करणारं माणूस शाबूत ठेवावंच लागतं. या कथेतला खरा शत्रू शोक हाच आहे, अशी भूमिका शेफर यांनी मुलाखतींतून मांडली. मेफिस्टो आला असता तर हा शत्रू पहिल्याच फटक्यात बाद झाला असता.

आता दुसरा आक्षेप, आणि त्यात चाहत्यांची बाजू खरी आहे. गळ टाकला तो मालिकेनेच. पाचव्या भागाच्या शेवटी वांडाचा मेलेला भाऊ पिएत्रो दारात येतो, पण चेहरा इव्हान पीटर्सचा. मार्व्हलच्या चित्रपटात हा भाऊ आरन टेलर-जॉन्सनने साकारला होता. पीटर्सने तीच व्यक्तिरेखा फॉक्स कंपनीच्या 'एक्स-मेन' चित्रपटांत केली होती, आणि २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा तो सारा कारभार विकत घेतला होता. अशी निवड योगायोगाने होत नाही. दोन चित्रविश्वांमधली भिंत पडली, असा अर्थ कुणीही काढला असता. शेवटी तो निघाला राल्फ बोनर नावाचा एक सामान्य गावकरी, आणि त्या आडनावावर एक पाचकळ विनोद. व्हिजन साकारणाऱ्या पॉल बेटनीने मुलाखतींत सांगितलं होतं की ज्याच्याबरोबर काम करायची फार दिवसांची इच्छा होती असा एक नट मालिकेत आहे. तो नट तो स्वतःच होता, दुसऱ्या, पांढऱ्या व्हिजनच्या रूपात. डॉक्टर स्ट्रेंजचा अंदाजही हवेतला नव्हता. ती भूमिका करणारा बेनेडिक्ट कंबरबॅच शेवटी येणार असं मुळात ठरलं होतं आणि नंतर ते काढून टाकलं, हे फायगी यांनी २०२१ मध्येच सांगितलं. सशाचा राक्षस होतो असं दृश्यही चित्रित झालं होतं, ते गाळलं गेलं, असं शॅकमन यांनी सांगितलं. तेव्हा चाहते भरकटले असं म्हणताना त्यांनी वाचलेल्या खुणा काही काळ खऱ्याच होत्या, हेही म्हणायला हवं. पिएत्रोचा प्रकार तर मला सरळ चूक वाटते. मेलेल्या भावाच्या जागी दुसऱ्याच चेहऱ्याला वांडा कवटाळते, यात शोकाचं फार मोठं सत्य होतं. एका थिल्लर नावासाठी ते वाया घालवलं.

पण गळ टाकला म्हणून हिरमोड झाला, एवढ्यावर हे संपत नाही. अशा हिरमोडाचं निदान फार आधीच झालेलं आहे. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१ मध्ये डिकन्सची 'बार्नबी रज' ही कादंबरी क्रमशः येत असतानाच तिच्यातल्या खुनाचं कोडं बऱ्याच अंशी उलगडून दाखवलं होतं. त्याहून मोलाचं आहे ते त्यांनी १८४२ मध्ये, कादंबरी पूर्ण झाल्यावर, लिहिलेलं परीक्षण. रहस्य लांबवत नेलं की वाचकाची कल्पना प्रत्यक्ष उलगड्याच्या पुढे निघून जाते, आणि मग उलगडा कितीही भयानक असला तरी तो वाचकाला अपुराच वाटतो, असं पो यांचं म्हणणं होतं. दर आठवड्याला तुकड्यातुकड्याने मिळणाऱ्या कथेबद्दलचं हे निदान पावणेदोनशे वर्षांनंतर जसंच्या तसं लागू पडतं. फक्त एक भर घालावी लागते. 'वांडाव्हिजन'च्या बाबतीत कल्पना नुसती पुढे गेली नव्हती, ती हव्या त्या निकालाकडे गेली होती.

तिसरा आक्षेप असा, की तर्क लढवणं हा खेळ आहे. त्याला एवढा नैतिक अर्थ चिकटवू नये. खेळ आहे हे खरं, आणि तो माणसांना जोडतो हेही खरं. या खेळाशी माझं भांडण नाही. उलट शेफर यांच्याच पुढच्या मालिकेत, सप्टेंबर ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या 'अ‍ॅगाथा ऑल अलाँग'मध्ये, चाहत्यांचे मुख्य अंदाज खरे ठरले. नाव लपवणारा पोरगा म्हणजे वांडाचा मुलगा बिली. ऑब्री प्लाझाने साकारलेली रिओ म्हणजे साक्षात मृत्यू. दोन्ही आधीच ओळखलं गेलं होतं, आणि तरी त्या मालिकेचा रस आटला नाही. कारण त्या अंदाजांनी कुणाची सुटका करायची नव्हती. अ‍ॅगाथाने आपल्या साथीदारणींना फसवून मारलं, हे ओळखणाऱ्याला तिच्या पापातून पळवाट नको होती, ते पाप नीट पाहायचं होतं. थिअरी कथेच्या प्रश्नाला भिडत असेल तर ती बरोबर येवो की चूक, पाहणं समृद्ध होतं. प्रश्नच बदलून टाकत असेल तर मात्र ती बरोबर येऊनही कथेचं नुकसानच करते.

आणि नुकसान झालंच, पण ते चाहत्यांनी केलं नाही. शेवटच्या भागात अ‍ॅगाथा गावकऱ्यांना भानावर आणते आणि ते वांडाला घेरतात. इतके दिवस डॉटी म्हणून नटूनथटून वावरणारी सारा सांगते की तिला आठ वर्षांची मुलगी आहे. निदान तिला खोलीबाहेर येऊ दे, तुझ्या मुलांची मैत्रीण म्हणून तरी तुझ्या कथेत घे. एखादी आई आपल्या लेकीसाठी गुलामीतली बरी जागा मागते, याहून कठोर आरोपपत्र सुपरहिरो कथेत मला तरी आठवत नाही. पण मालिका तिथे थांबत नाही. आभाळात लाल-जांभळे झोत सोडत मारामारी होते, हेवर्ड मुलांवर गोळ्या झाडून सोयीस्कर खलनायक होतो, आणि वांडा कुटुंबाचा निरोप घेऊन गावातून चालत निघते तेव्हा मोनिका तिला सांगते की तू यांच्यासाठी काय गमावलंस ते यांना कधीच कळणार नाही. गावकरी बाजूला उभे राहून बघत असतात. या वाक्याने आठ भागांची हिंमत ढिली पडते. शिवाय अ‍ॅगाथाला शिक्षा म्हणून वांडा तिलाच अ‍ॅग्नेसच्या भूमिकेत कोंडून ठेवते. गावावर केलेला गुन्हा एका बाईवर पुन्हा करते, आणि मालिका त्याला न्याय म्हणून दाखवते. ज्यांनी मेफिस्टोची वाट पाहिली त्यांनी वांडाची सुटका मागितली होती. ती शेवटी मिळालीच, फक्त सैतानाशिवाय मिळाली.

पुढचा टप्पा आणखी बोलका आहे. मे २०२२ मध्ये 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' आला आणि त्यात वांडा उघड खलनायिका झाली, मुलांसाठी वाटेल त्याला मारणारी. चाहते संतापले. पण तिथेही दोषाला आधीच ठिकाण शोधून ठेवलेलं होतं: डार्कहोल्ड नावाचं शापित पुस्तक, जे वाचणाऱ्याला नासवतं. स्टुडिओने सैतान आणला नाही, त्याचं काम एका पुस्तकाला दिलं.

मेफिस्टो अखेर आला तो चार वर्षांनी, १ जुलै २०२५ ला, 'आयर्नहार्ट' या मालिकेच्या शेवटच्या भागात. सॅशा बॅरन कोहेनने तो साकारला. तो रीरी विल्यम्स या तरुण संशोधिकेसमोर बसतो, जिची जिवलग मैत्रीण नॅटली गोळीबारात मेलेली आहे, आणि तुला काय हवं ते माग म्हणतो. इतक्या वर्षांची चाहत्यांची मागणी पूर्ण झाली. शोकाने पोळलेल्या मुलीसमोर खराखुरा सैतान बसला. तरी तो तिला जबरदस्ती करत नाही, तिचं मन ताब्यात घेत नाही. तो फक्त देऊ करतो. रीरी मैत्रीण परत मागते, सौदा मान्य करते, आणि नॅटली परत येते.